डोळ्यातील गुलाबी डाग : दुखत नाही म्हणून दुर्लक्ष नको

नेत्ररुग्णांची आश्रयदाती संत ल्युसी हिचा सण १३ डिसेंबरला येतो. डोळ्यांसाठी आपण तिची मध्यस्थी मागतो. त्यांची निगा राखणे मात्र आपल्याच हाती असते.

डोळ्याचा पांढरा भाग व पापण्यांची आतली बाजू झाकणाऱ्या पातळ आवरणास कंजंक्टायव्हा म्हणतात. या आवरणात क्वचित लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा कर्करोग, उद्भवतो. बहुधा उतारवयात गुलाबी, मऊसर उंचवटा दिसू लागतो. कधी तो पापणीआड दडलेला असतो. तो सहसा दुखत नाही, दृष्टीही मंदावत नाही. त्यामुळे 'डोळे आले' असे समजून आपण महिनोन्‌महिने औषधाचे थेंब घालीत राहतो आणि निदान लांबते.

थेंबांनी तात्पुरता उतार पडून लाली पुन्हा दिसल्यास नेत्रतज्ज्ञांकडे जावे. छोटा तुकडा काढून तपासल्यावरच निदान पक्के होते. त्यानंतर शरीरात अन्यत्र हा रोग आहे काय, हे पाहिले जाते. याचा बहुतांशी आढळणारा प्रकार संथ गतीने वाढतो. तो डोळ्यापुरताच असल्यास किरणोपचाराने सहसा आटोक्यात येतो. पुढे अनेक वर्षे नियमित तपासणी मात्र चुकवू नये.

घरातील वडीलधाऱ्यांचे डोळे एकदा उजेडात, खालची पापणी हलकेच ओढून पाहावेत, अशी आमची विनंती आहे.