दक्षिण अमेरिका कमी खर्चात: ऐकीव आणि खरे

दक्षिण अमेरिका स्वस्त आहे असे एक जण सांगतो, फार महाग आहे असे दुसरा. दोघेही खरेच बोलत असतात, कारण एक बोलिव्हियातून आलेला असतो आणि दुसरा चिलीतून. भारताच्या पाचपटीहून मोठ्या या खंडाचा एकच भाव कसा असेल? बोलिव्हिया, पेरू, इक्वेडोर, कोलंबिया या अँडीजच्या देशांत राहणे-जेवणे हलक्या खिशालाही झेपते. चिली आणि उरुग्वेत तेवढेच दिवस बरेच महाग पडतात. हॉस्टेलच्या दारात घासाघीस करून फार काही वाचत नाही. खर्च ठरतो तो नकाशावर शहरे निवडताना.

अर्जेंटिनाबद्दलचा सल्ला सगळ्यात लवकर शिळा होतो. ‘डॉलरच्या नोटा न्या, समांतर बाजारात दुप्पट पेसो मिळतात’ हे काही वर्षांपूर्वी खरे होते. पण डिसेंबर 2023 मध्ये पेसोचे मोठे अवमूल्यन झाले, भाव चढत गेले आणि एप्रिल 2025 मध्ये सामान्य माणसाच्या डॉलरखरेदीवरचे बहुतेक निर्बंध उठले. जुन्या आकड्यांवर ब्यूनस आयर्सचे अंदाजपत्रक बांधू नका. इक्वेडोरमध्ये मात्र 2000 पासून अमेरिकी डॉलरच चलन आहे. तिथे लहान नोटा जवळ ठेवा. शंभराची नोट दुकानदार सहसा घेत नाही.

‘आम्ही सह्याद्रीत चढतो, आम्हाला उंचीचे काय?’ हा आपल्याकडचा खास गैरसमज. कळसूबाई 1,646 मीटरवर आहे. बोगोटा हे कोलंबियाच्या राजधानीचे शहरच 2,600 मीटरवर वसले आहे, पेरूतले कुस्को 3,400वर आणि बोलिव्हियातले ला पाझ साधारण 3,600वर. ला पाझचा विमानतळ तर 4,000 मीटरच्याही वर आहे. समुद्रसपाटीवरून थेट तिथे उतरले की डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही. याला तिथे ‘सोरोचे’ म्हणतात. पायांची ताकद इथे कामी येत नाही. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला दिवस द्यावेच लागतात. म्हणून लिमा, मग 2,300 मीटरवरचे आरेकिपा, मग कुस्को, मग ला पाझ असे टप्प्याटप्प्याने चढावे. लिमा ते कुस्को सलग बसप्रवास वीस तासांच्या वर जातो. आरेकिपाला काही दिवस थांबल्याने पाठही सुटते आणि श्वासही. त्रास वाढतच गेला तर कोकाच्या चहावर भिस्त ठेवू नये, खाली उतरावे.

थंडीचेही तेच. आपल्या उन्हाळी सुट्टीच्या शेवटी निघालात तर तिथे हिवाळा सुरू होत असतो. जूनमधली ला पाझची रात्र गोठवणारी असते.

सुरक्षिततेबद्दल लोक एक तर जुन्या भीतीवर चालतात, नाही तर जुन्या भरवशावर. कोलंबियातल्या मेडेयीनमध्ये 1991 साली दर लाख लोकसंख्येमागे सुमारे 380 खून होत. आज हे प्रमाण वीसच्याही खाली आहे. डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्या 2004 मध्ये केबल कारने मेट्रोला जोडल्या गेल्या, आणि आज प्रवासीही त्याच तिकिटावर शहर पाहतात. उलट, एकेकाळी शांत समजल्या जाणाऱ्या इक्वेडोरमध्ये टोळ्यांचा हिंसाचार इतका वाढला, की जानेवारी 2024 मध्ये तिथल्या सरकारने ‘अंतर्गत सशस्त्र संघर्ष’ जाहीर केला. ग्वायाकिल बंदराचे नाव त्यात वारंवार येते. तेव्हा देशाच्या नावावरून निवाडा करू नका. शहर आणि त्यातली वस्ती पाहा, आणि माहिती या वर्षीची घ्या. बहुतेकांच्या वाट्याला येणारा धोका म्हणजे हातातून हिसकावलेला फोन. रस्त्यात उभे राहून नकाशा पाहण्यापेक्षा दुकानात शिरून पाहा.

पैसे वाचवायचे म्हणजे बघण्यासारखे सोडायचे, हेही खरे नाही. बोगोटातले बोतेरो संग्रहालय विनामूल्य आहे. चित्रकार फर्नांदो बोतेरोने दान केलेल्या त्या संग्रहात त्याच्या कामांशेजारी पिकासो आणि मोने आहेत. त्याच शहरात दर रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते मोटारींना बंद होतात आणि सारे शहर सायकलवर किंवा पायी बाहेर पडते. मला विचाराल तर कुठल्याही तिकिटाच्या सहलीआधी हा रविवार गाठावा.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. बटाटा मुळात अँडीजचाच. इक्वेडोरचे बटाटा-चीजचे ‘लोक्रो’, कोलंबियाची मक्याची ‘आरेपा’, पेरूतली कडधान्ये पोट भरतात. दुपारची ठरावीक थाळी, म्हणजे सूप, मुख्य पदार्थ आणि सरबत, हे सगळ्यात स्वस्त जेवण. पण नुसते ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणून भागत नाही, त्यात चिकन येऊ शकते. ‘सिन पोयो, सिन पेस्कादो’ (चिकन नको, मासे नको) हेही सांगा, आणि सूप कशाच्या पाण्यात शिजवले ते विचारा.

एक खर्च भारतात परतताना उभा राहतो. ब्राझील, पेरू, बोलिव्हिया, कोलंबिया अशा पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस अधिकृत केंद्रातच, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र 2016 पासून आयुष्यभर चालते.