अस्सल सुट्या भागांचा शोध : जॅग्वार ई-टाइपचे उदाहरण

जुन्या स्पोर्ट्‌स कारची पुनर्बांधणी करताना सर्वाधिक काळ इंजिन आणि पत्रा खातात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु इंजिन पुन्हा बोअर करून घेता येते, कुजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो, आणि गाडी महिनोन्‌महिने अडून राहते ती दाराची मूठ, दिव्याची चौकट किंवा डॅशबोर्डवरचा एखादा स्विच मिळत नाही म्हणून. गाडीच्या चालण्याशी फारसा संबंध नसलेल्या, पण तिचे रूप घडवणाऱ्या अशा भागांना ‘ट्रिम’ म्हणतात.

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात अवतरलेली आणि १९७४ पर्यंत इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे बनत राहिलेली जॅग्वार ई-टाइप ७०,००० हून अधिक संख्येने तयार झाली, तेव्हा तिचे भाग मुबलक असावेत असे वाटते. पण कारखाना उत्पादन चालू असतानाच बारीकसारीक फेरफार करीत गेल्यामुळे ‘ई-टाइपची मूठ’ किंवा ‘ई-टाइपचा स्विच’ असे मोघम बोलून भागत नाही. पहिल्या सुमारे ५०० गाड्यांचे बॉनेट बाहेरून उघडे. दोन्ही बाजूंच्या पत्र्यात एकेक लहान चकती बसवलेली असे आणि तिच्या छिद्रात टी-आकाराची किल्ली घालून फिरवावी लागे. पुढे कुलपाचा दांडा गाडीच्या आत गेला आणि त्या चकत्या, ती किल्ली कायमची दुर्मिळ झाली. डॅशबोर्डच्या मध्यभागी असलेला नक्षीदार अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा जाऊन १९६३ मध्ये काळे आच्छादन आले, तर १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या अमेरिकी सुरक्षा नियमांपायी पुढे आलेले टॉगल स्विच जाऊन चपटे रॉकर स्विच आले. म्हणून शोधाचा आरंभ बाजारात नव्हे, तर चॅसी क्रमांकापासून होतो. उजव्या बाजूला स्टीअरिंग असलेल्या उघड्या गाड्यांचे क्रमांक ८५०००१ पासून सुरू होतात, आणि कोणता भाग कोणत्या क्रमांकापर्यंत बसवला गेला हे कारखान्याच्या सुट्या भागांच्या सूचीवरून ताडता येते. ल्युकास कंपनीच्या अनेक विद्युत भागांवर तर महिना आणि वर्षही ठोकलेले असते, त्यामुळे गाडीपेक्षा वयाने धाकटा भाग लगेच ओळखू येतो.

खरी कसोटी लागते ती ‘मझाक’ या जस्ताच्या मिश्रधातूच्या बाबतीत. तो वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरला की नाजूक कंगोरे, अक्षरे सहज उमटतात, म्हणूनच त्या काळी मुठी आणि चौकटी त्याच्या होत; मात्र क्रोमच्या मुलाम्याला सूक्ष्म छिद्र पडून ओल आत शिरली की जस्त आतल्या आत खाल्ले जाते आणि पृष्ठभागावर देवीच्या वणांसारखे खड्डे उठतात. शुद्ध जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते आणि हा मिश्रधातू त्याहूनही आधी, त्यामुळे लोखंडासारखे वेल्डिंग त्याला सोसत नाही. कुशल कारागीर जुना मुलामा उतरवून प्रत्येक खड्डा कोरून साफ करतो, तांब्याचा थर चढवतो, मऊ डाकाने खड्डा भरतो, घासतो आणि मग निकेल व क्रोम चढवतो. घासण्यात हात थोडा जड झाला तरी मूळची धार बोथट होते, आणि ती पुन्हा मिळत नाही.

नव्याने बनवलेले पर्यायी भाग स्वस्त असतात. पण मूळ भागावरूनच साचा काढला असेल तर थंड होताना धातू आकसल्याने नक्कल किंचित लहान निघते आणि दाराच्या छिद्रांशी तिचे जमत नाही. खड्डे पडलेला अस्सल भाग दुरुस्त करणे म्हणूनच अधिक उचित ठरते. याला अपवाद रबराचा. जुन्या साठ्यातले, न वापरलेले रबरही पडून पडून कडक होते, तेव्हा तेथे नवीनच घ्यावे.

इंग्लंडमधील ब्यूली येथे १९६७ पासून जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो, आणि जाणकार मंडळी तेथे खिशात व्हर्निअर कॅलिपर आणि आपल्या गाडीचा तुटका नमुना घेऊन हिंडतात. तो नमुना निरुपयोगी म्हणून भंगारात देणे ही मोठी चूक होय, कारण छिद्रांमधले अंतर, कडेची जाडी आणि वळणाची गोलाई ही मापे बहुधा त्या तुटक्या तुकड्यावरच शिल्लक उरलेली असतात.