गांजातला दुसरा रेणू
गांजातला नशा आणणारा रेणू टीएचसी सायकोसिसला, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याला, खतपाणी घालतो. त्याच झाडातलं कॅनाबिडिऑल ऊर्फ सीबीडी मात्र नशा आणत नाही आणि औषध म्हणून तपासलं जातंय. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी महत्त्वाची आहे. स्किझोफ्रेनियाच्या ८८ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला सहा आठवडे रोज १००० मिलिग्रॅम सीबीडी देण्यात आलं, तर उरलेल्यांना तसंच दिसणारं निष्क्रिय द्रावण. सीबीडी घेणाऱ्यांचे भास आणि संशय अधिक उतरले. प्रचलित औषधं डोपामाइनची वाट अडवतात; सीबीडीचा मार्ग वेगळा दिसतो, म्हणूनच आशा वाटते.

स्मृती आणि एकाग्रतेत मात्र ठोस म्हणावा असा फरक पडला नाही. भास थांबल्यावरही सांगितलेलं काम लक्षात राहत नाही, माणसांत मिसळावंसं वाटत नाही, आणि नोकरी सुटते ती बहुधा याचमुळे. खरी गरज इथेच आहे; पण ३६ रुग्णांवरच्या दुसऱ्या एका चाचणीतही रोजच्या ६०० मिलिग्रॅम सीबीडीने आकलनशक्ती सुधारली नव्हती.

भांगेला सीबीडीचा पर्याय समजू नये. तिच्यात टीएचसी असतंच, आणि सायकोसिसच्या रुग्णाला ते घातक ठरतं.