जीपवरचा ओरखडा

मुरूड-श्रीवर्धनकडे जीपगाडीवर करवंदीच्या काट्यांनी ओरखडा उठला, की आम्ही प्रथम त्यावर नख फिरवून पाहतो. नख अडकले नाही, तर पॉलिश पुरे. पत्रा उघडा पडला असेल, तर मात्र विलंब नको. खाऱ्या हवेतले मीठ ओल धरून ठेवते आणि गंज रंगाखाली पसरतो. गाडी गोड्या पाण्याने धुवावी, गंज घासावा, पत्रा लगेच कोरडा करून प्रायमर व मग रंग द्यावा.

परंतु जुन्या रंगात शिसे असू शकते. २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांत दशलक्षात ९० भाग शिशाची मर्यादा घातली. गाड्यांचे रंग त्यांत आले नाहीत. म्हणून पॉलिश पेपर ओलाच फिरवावा. रंगाऱ्याला रुमाल नव्हे, चांगला मास्क द्यावा. पत्रा वाचवताना माणूस गंजता कामा नये.