पिलाचा स्वभाव आणि घराची निवड

बैल विकत घेताना दात, भोवरे आणि चाल बारकाईने पाहणारा शेतकरी कुत्र्याचे पिलू मात्र डोळे झाकून उचलतो. निवड बहुधा मुलांवर सोपविली जाते व मुले रंग पाहतात. पुढे तेच पिलू वृद्धांच्या अंगावर झेपावू लागले किंवा आल्यागेल्यास भिऊन चावू लागले, की त्याला रातोरात गावाबाहेर सोडण्यात येते. हा प्रकार टाळावयाचा, तर पिलाचा स्वभाव आधीच पाहणे इष्ट होय.

त्याकरिता अमेरिकेतील श्वानशिक्षक विल्यम कॅम्पबेल यांनी १९७० नंतरच्या दशकात एक सोपी चाचणी प्रचारात आणली. सुमारे सात आठवड्यांच्या पिलाला भावंडांपासून दूर, नव्या व शांत जागी नेतात. तपासणाराही त्याला अनोळखी असावा. तो खाली बसून हलकेच टाळी वाजवितो, मग उठून चालू लागतो. पिलू शेपूट उभारून येते, बिचकत येते की येतच नाही, हे टिपून ठेवावयाचे. नंतर त्याला उताणे निजवून छातीवर अलगद हात ठेवून अर्धा मिनिट धरतात. झटापट करून हाताला दात लावणारे पिलू लहान मुलांच्या घरी देऊ नये. त्याला अनुभवी पालक हवा. थोडे धडपडून शांत होणारे बहुतेक घरी रुळते. मुळीच न हलणारे पिलू गरीब वाटते खरे, परंतु ते पुष्कळदा भेदरलेले असते. त्याला गजबज नसलेले घर द्यावे. शेवटी पाठीवरून हात फिरवून व पोटाखाली तळवे घालून किंचित उचलूनही पाहतात.

तथापि या चाचणीस कोणी जन्मपत्रिका समजू नये. स्वीडनमध्ये जर्मन शेफर्ड जातीच्या ६३० पिलांची आठव्या आठवड्यात परीक्षा घेण्यात आली. मोठेपणी ती सेवाकार्यास योग्य ठरतील की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही, असा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणी त्या दिवसाचे पिलू दाखविते, एवढेच. भुकेलेले वा झोपाळू पिलू वेगळेच वागेल. म्हणून एकदोन दिवसांनी पुन्हा पाहावे.

स्कॉट व फुलर या संशोधकांनी १९६५ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसांची सवय लागण्यास विशेष अनुकूल असतो. यातील उत्तरार्ध नव्या घरीच जातो. या दिवसांत पिलाला कोपऱ्यात बांधून ठेवले, तर चाचणीत उत्तम ठरलेलेही भित्रे निघते.

मात्र घाईने पिलू आणणेही योग्य नव्हे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिलू विकण्यास मनाई आहे. तोवर घेणाऱ्याने दोनतीनदा जाऊन पिलाची आईही पाहावी. ती अनोळखी माणसाशी कशी वागते, हे ध्यानात घ्यावे.