केळीच्या शिवारातील शिक्षकाचे पद

जुलै संपत आला की रावेर, यावल, मुक्ताईनगर या पट्ट्यातील केळीबागायतदार आपल्या मृगबागेतून हिंडताना पानांकडे नेहमीपेक्षा अधिक बारकाईने पाहू लागतो. आभाळ दिवसचे दिवस भरलेले, पाऊस रिमझिम आणि हवेत गारवा असला म्हणजे कोवळ्या केळीच्या पानांवर पिवळसर रेषा उमटतात, पान आकसते आणि पोंगा सडू लागतो. शास्त्रज्ञ याला कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग म्हणतात. खानदेशात त्याचे नाव 'हरण्या'. या रोगावर औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटून नष्ट करावे, चार-पाच दिवसांनी बाग पुन्हा पाहावी, विषाणू वाहून नेणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करावा आणि बागेत वा बांधावर काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, वांगी, मिरची यांना थारा देऊ नये, एवढाच काय तो उपाय आहे. २०२० च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरही अनेक शेतकऱ्यांना वाढीला लागलेल्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. ज्या बागांवर कर्ज काढून रोपे आणि ठिबक बसविलेले होते, त्याही त्यातून सुटल्या नाहीत.

जळगाव जिल्हा हा काही मागासलेल्या शेतीचा प्रदेश नव्हे. आधुनिक तंत्र शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचविण्याच्या कामी या जिल्ह्याने देशाला धडा घालून दिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मग तंत्र पोहोचलेल्या याच शिवारात एका जुन्या, ओळखीच्या रोगापुढे शेतकरी हतबल का व्हावा, हा प्रश्न केवळ कृषिशास्त्राचा राहत नाही. ज्ञान कोणी द्यावे, कसे द्यावे आणि देणाऱ्याचे पोट कशावर चालावे, हा अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे.

पूर्वी बसराई केळीची बाग कंदांपासून उभी राहत असे. कंद कोणाच्या बागेतून घ्यावेत, तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा कसा ओळखावा, अर्धा-पाऊण किलोचाच कंद का निवडावा, हे मुलगा बापाच्या आणि सालदार जुन्या सालदाराच्या हाताखाली शिकत असे. पीक हाती यायला सुमारे अठरा महिने लागत. १९९० च्या दशकात ऊतिसंवर्धित ग्रँड नैन जातीची रोपे आली आणि हा काळ अकरा-बारा महिन्यांवर आला. भवरलाल जैन यांनी (१९३७–२०१६) जळगावात उभारलेल्या उद्योगाचे नाव या बदलाशी कायमचे जोडले गेले आहे. पपईच्या चिकापासून पपेन काढण्याचा कारखाना १९७८ मध्ये ज्या जागी सुरू झाला, तेथे आधी केळीची भुकटी करण्याचा बंद पडलेला कारखाना होता, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नाही. पुढे नळ्या आल्या, ठिबक आले, रोपे आली. इस्रायलमध्ये सिम्हा ब्लास यांच्या कल्पनेतून आणि हात्झेरिमच्या किबुत्झने १९६५ पासून सुरू केलेल्या उत्पादनातून जे तंत्र जगापुढे आले, ते तापीच्या खोऱ्यात इतके रुजले, की ठिबकाशिवाय केळी ही कल्पनाच आज तरुण शेतकऱ्याला चमत्कारिक वाटेल.

या यशाचे एक कारण असे की, नळीबरोबर माणूसही शेतात गेला. ठिबक म्हणजे नुसती नळी नव्हे. फिल्टर केव्हा धुवावा, नळ्यांची टोके उघडून गाळ कसा काढावा, क्षार साचले तर आम्ल किती आणि किती वेळ सोडावे, खत पाण्यातून कोणत्या दिवशी द्यावे, हे न कळल्यास दोन हंगामांत तोट्या बुजतात आणि सगळा संच बांधावर गुंडाळून पडतो. कंपनीचा कृषितज्ज्ञ हे शिकवू लागला. कारण त्याचे शिकविणे आणि कंपनीचा माल यांचे हित एकच होते. या व्यवहारात गैर काही नाही. शिकविण्याचा खर्च मालाच्या किमतीतून निघत होता आणि शेतकऱ्यालाही तो परवडत होता. शासनाच्या कित्येक योजनांपेक्षा हे शिक्षण अधिक मन लावून दिले गेले, हे मान्य केले पाहिजे.

परंतु ज्ञानाचे दोन भाग असतात. एक भाग रोपात, बियाण्यात, नळीत कोंबून विकता येतो. दुसरा भाग असा, की तो एकट्याला कळून उपयोगाचा नाही. हरण्या हा या दुसऱ्या प्रकारातला आहे. एखाद्याने आपली रोगट झाडे वेळेवर उपटली आणि शेजाऱ्याने 'बघू, सुधारेल' म्हणून ठेवली, तर उपटणाऱ्याचे श्रम वाया जातात. हा मावा कपाशीवरही असतो. म्हणजे ज्याने केळी लावलीच नाही, त्याच्याही वागण्यावर केळीवाल्याचे नशीब अवलंबून. अशा वेळी साऱ्या शिवाराला एकाच आठवड्यात एकच गोष्ट कळावी लागते, आणि पटावीही लागते. हे ज्ञान विकून कोणाला नफा होणार? झाडे उपटण्याचा सल्ला देणाऱ्याच्या दुकानात त्या दिवशी काहीच खपत नाही.

कपाशीची कथाही याच जातीची आहे आणि धुळे, शिंदखेडा, अमळनेर, चोपडा या भागांतील वाचकांना ती सांगायला नको. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमची साध्या बियाण्याची पुडी दिली जात असे. ती शेताच्या कडेने पेरली म्हणजे बोंडअळीत प्रतिकारशक्ती लवकर निर्माण होऊ नये, अशी योजना होती. पुडी फुकट, म्हणून तिची किंमतही फुकटातलीच झाली. बहुतेक ठिकाणी ती पेरलीच गेली नाही. विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यातच कपाशी लावण्याची आणि वेचणी संपल्यावरही फरदड ठेवण्याची सवय मात्र चालू राहिली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर जो हाहाकार उडविला, त्याची सर्व कारणे येथे सांगता येणार नाहीत. पण तंत्र पिशवीत होते आणि ज्ञान घडी घातलेल्या पत्रकावर, एवढे तरी त्यातून स्पष्ट झाले.

असे सामाईक ज्ञान सांभाळण्याची व्यवस्था खानदेशात कधी नव्हतीच काय? होती, आणि ती पाहायला धुळे जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. पांझरा व तिच्यासारख्या नद्यांवरील बंधाऱ्यांखाली साक्री तालुक्यात आणि आसपास जी फड पद्धती शेकडो वर्षे चालली, तिच्यात बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली असे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी फड फिरवायचे, असा नियम होता. पाणी कोणाच्या वाफ्यात किती वेळ जायचे, हे शेतकरी ठरवीत नसे. पाटकरी ठरवीत असे. पिकाची राखण जागल्या करी. या माणसांचे वेतन शेतकरी मिळून देत. पाटकऱ्याची जाण कोणत्याही पुस्तकात नव्हती. नवा माणूस जुन्याच्या मागे पाटावरून हिंडून तयार होई. तो कोणा एका शेतकऱ्याचा नोकर नव्हता, म्हणूनच त्याचा शब्द सगळ्यांना मानावा लागे. फड पद्धतीचे गोडवे गाणारे लेख पुष्कळ झाले आहेत आणि जुन्या गावगाड्यातील विषमता त्या लेखांत सोयीस्करपणे विसरली जाते. तरीही एवढे खरे, की सामाईक जाणतेपणासाठी सामाईक खर्चाने माणूस ठेवावा लागतो, हे त्या व्यवस्थेला उमगले होते.

स्वतंत्र भारतात ही जागा शासनाने घेणे अपेक्षित होते. १९७४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने राजस्थान व मध्य प्रदेशातील चंबळ खोऱ्यात डॅनियल बेनॉर यांची 'प्रशिक्षण व भेट' पद्धत सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आली. कल्पना साधी होती. विस्तार कर्मचाऱ्याने ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी जायचे, संपर्क शेतकऱ्यांना भेटायचे, दर पंधरवड्याला स्वतः प्रशिक्षण घ्यायचे, आणि त्याच्याकडे शिकविण्याखेरीज दुसरे काम असता कामा नये. ही पद्धत साचेबंद होती, सांगणारा वर व ऐकणारा खाली असाच तिचा थाट होता, ही टीका रास्त आहे. पण 'दुसरे काम असता कामा नये' ही अट सोन्याची होती. परकीय मदतीचा ओघ आटला तसा हा सांगाडा खिळखिळा झाला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५९ व्या फेरीत २००३ मध्ये शेतकरी कुटुंबांना विचारण्यात आले, की नव्या तंत्राची माहिती तुम्ही कोठून घेता? दहांपैकी सहा कुटुंबांनी कोठूनच घेतली नव्हती. एकूण कुटुंबांत प्रगतिशील शेतकऱ्याचे नाव सांगणारे १६.७ टक्के, खते-औषधांच्या दुकानदाराचे नाव सांगणारे १३.१ टक्के, आणि शासनाच्या विस्तार कर्मचाऱ्याचे अवघे ५.७ टक्के.

हे आकडे जुने आहेत. पण त्यांतील क्रम विचार करण्यासारखा आहे. दुकानदार हाच शिक्षक झाल्याचे ओळखून हैदराबादच्या 'मॅनेज' या राष्ट्रीय संस्थेने त्याच वर्षी दुकानदारांसाठी कृषिविस्ताराचा पदविका अभ्यासक्रम काढला, हे व्यवहाराला धरूनच झाले. शेजारी शेतकऱ्याचा पहिला क्रमांकही नवलाचा नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याच्या प्रसाराचा ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनी केलेला अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की शेतकऱ्याला नव्या बियाण्याची बातमी बहुधा विक्रेत्याकडून लागली, पण पेरण्याचा निश्चय झाला तो शेजाऱ्याचे शेत पाहून. आपल्याकडचा शेतकरी काही वेगळा नाही.

आता कृषी सहायकाकडे पाहावे. २०२५ मध्ये त्याचे पदनाम 'सहायक कृषी अधिकारी' असे झाले. पद वाढल्यासारखे वाटते. त्याच्याकडे अनेक गावे आहेत. अनुदानाचे अर्ज, नुकसानीचे पंचनामे, लाभार्थ्यांच्या याद्या, छायाचित्रे काढून पाठविणे यांत त्याचा दिवस जातो. जनगणना, निवडणूक आणि नाना प्रकारची सर्वेक्षणे अंगावर घेतलेल्या प्राथमिक शिक्षकाला हे दुःख समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कृषी विज्ञान केंद्रे चांगली आहेत; जळगाव जिल्ह्यात ममुराबादला व पालला, तसेच धुळ्यालाही केंद्र आहे. पण एका केंद्रात विषयतज्ज्ञांची मंजूर पदे सहा. जळगावचे तालुके पंधरा. भागाकार वाचकांनीच करावा.

माणूस मिळत नाही म्हणून यंत्र आणावे, हा विचार नवा नाही. २००४ मध्ये किसान कॉल सेंटर आले आणि दूरध्वनीवरून सल्ला मिळू लागला. आज पानाचे छायाचित्र काढले की रोगाचे नाव सांगणारी साधने शेतकऱ्याच्या खिशात आहेत, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राने कृषी क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरणही मंजूर केले. या साधनांची थट्टा करण्याचे कारण नाही. आडवळणाच्या शेतकऱ्याला रात्री दहा वाजताही उत्तर मिळते, ही लहान गोष्ट नव्हे. पण यंत्र उत्तर देते ते विचारणाऱ्याला. ज्याने विचारलेच नाही त्या शेजाऱ्याच्या बांधावर ते जात नाही. त्याचा हात धरून 'ही अकरा झाडे आजच उपटा' असे ते म्हणत नाही, आणि उपटली की नाही हे पाहायला चौथ्या दिवशी परतही येत नाही.

या कामासाठी नवे खाते उघडण्याची गरज आहे असे नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली धुळ्याचे कृषी महाविद्यालय आहे, जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, आणि कृषी पदवीच्या अंतिम वर्षात विद्यार्थ्यांना ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात राहावे लागते. हा मुक्काम बहुधा खरिपात, म्हणजे हरण्या डोके वर काढतो त्याच सुमारास पडतो. आज त्यात बोर्डो मिश्रणाचे प्रात्यक्षिक होते, गावाचा नकाशा रांगोळीने काढला जातो, सरपंचांसमवेत छायाचित्र निघते, आणि गुण मिळविण्यासाठी नोंदवह्या सजतात. त्याऐवजी केळीच्या गावी प्रत्येक विद्यार्थ्याला एका जाणत्या बागायतदाराच्या हाताखाली दिले आणि दोघांनी मिळून दर चौथ्या दिवशी ठरावीक शिवार पायी पालथे घालावे, अशी अट घातली तर? मुलाला विषाणू, मावा आणि त्याची यजमान पिके यांची माहिती आहे. बागायतदाराला उन्हाच्या तिरिपेत पान उलटून पाहताच ओळखणारी नजर आहे आणि कोणाशी कसे बोलावे हेही कळते. त्यातल्या काही मुलांना तरी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेबाहेर या विद्येचा व्यवसाय होऊ शकतो, हे दिसेल. बागायतदाराला या शिकविण्याचे मानधन द्यावे लागेल, आणि ते विद्यापीठाने द्यावे, ग्रामपंचायतीने द्यावे की बाजार समितीने, यावर वाद होईल. झाडे उपटणाऱ्याला पदरमोड सोसावी लागणार नाही, अशी भरपाईही हंगाम संपल्यावर नव्हे तर उपटतानाच ठरवावी लागेल. नाहीतर विद्यार्थी आणि बागायतदार दोघे मिळून बांधावर उभे राहिले, तरी शेजारी 'बघू, सुधारेल' असेच म्हणणार.