कर्जाला नाके मुरडणारा एस्टोनिया कर्जाच्या बाजूने का?

लोकसंख्या जेमतेम पावणेचौदा लाख, म्हणजे ठाणे शहरापेक्षाही कमी. रशियालगतची सीमा मात्र सुमारे तीनशे किलोमीटरची. युरोपने संरक्षणासाठी सामायिक कर्ज उभारावे, या मागणीत एस्टोनियाचा आवाज मोठा असण्यामागे हे साधे गणित आहे.

एरवी हा देश कमालीचा काटकसरी. २०२४ अखेर त्याचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे २४ टक्के, म्हणजे युरोपीय महासंघात सर्वांत कमी पातळीवर होते. अशा देशाच्या तत्कालीन पंतप्रधान काया कालास यांनी २०२४ च्या सुरुवातीला संरक्षणासाठी १० हजार कोटी युरोंचे सामायिक रोखे काढण्याचा आग्रह धरला, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. युक्तिवाद सरळ होता. सीमा सगळ्यांची, मग पहाऱ्याचा खर्च सीमेवरच्यांनीच का सोसावा?

दुसरे कारण बाजारातले आहे. छोट्या देशाची तोफगोळ्यांची मागणी कारखानदाराच्या रांगेत शेवटी उभी राहते. मोठी, दीर्घ मुदतीची मागणी असेल तरच तो नवे यंत्र बसवतो. म्हणूनच २०२३ मध्ये एस्टोनियाने संयुक्त खरेदीची कल्पना मांडली आणि महासंघाने वर्षभरात युक्रेनला दहा लाख तोफगोळे देण्याचे ठरवले. मार्च २०२४ पर्यंत जेमतेम निम्मेच पोहोचले.

अडचण कायद्याचीही आहे. महासंघाच्या कराराचे ४१ वे कलम लष्करी मोहिमांचा खर्च सामायिक अंदाजपत्रकातून करू देत नाही. जर्मनी, नेदरलँड्स यांना तर सामायिक कर्जाचीच धास्ती. तडजोड म्हणून मे २०२५ मध्ये १५ हजार कोटी युरोंची ‘सेफ’ योजना आली. एस्टोनियाच्या वाट्याला त्यातील अडीचशे कोटींहून अधिक ठेवण्यात आले. पण हे अनुदान नव्हे. महासंघाची पत चांगली म्हणून व्याज कमी, इतकेच. परतफेड ज्याची त्यानेच करायची. भार वाटून घेण्याची मूळ मागणी तशीच राहिली.

शिवाय शस्त्राचे किमान ६५ टक्के भाग युरोपातील वा युक्रेनमधील हवेत, अशी सर्वसाधारण अट. एस्टोनियाच्या तोफा दक्षिण कोरियाच्या ‘के-९’ (भारताची ‘वज्र’ हीच), तर अग्निबाण यंत्रणा अमेरिकी ‘हायमार्स’. पैसा सर्वांचा आणि कारखाने फ्रान्स-जर्मनीचे, ही छोट्या देशांची शंका त्यामुळे निराधार म्हणता येत नाही.

दरम्यान, २०२६ पासून राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून अधिक रक्कम संरक्षणावर खर्चण्याचा निर्णय एस्टोनियाने २०२५ मध्येच घेतला. २०२८ ते २०३४ या काळासाठी संरक्षण व अंतराळाकरिता १३ हजार १०० कोटी युरोंचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये मांडला. अशा दीर्घकालीन अंदाजपत्रकाला सर्व २७ देशांची संमती लागते.